जनरलसाहेब आणि त्यांचा नंदा

२२ सप्टेंबर १९६५. भारत-पाकिस्तान युद्ध संपत आले होते. दोन्ही देशांनी युद्धबंदी मान्य केली होती आणि २३ तारखेच्या पहाटे साडेतीन वाजता तोफा थंडावणार होत्या. लढाईचा तो अगदी शेवटचा दिवस. त्या दिवशी हवाई दलाच्या २० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची हंटर विमाने कसूर भागातील पाकिस्तानी ठाण्यांवर मारा करायला निघाली. त्यांतल्या एका विमानात सत्तावीस वर्षांचा एक फ्लाइट लेफ्टनंट होता. जमिनीवरून विमानविरोधी तोफांचा भडिमार सुरू झाला आणि त्याचे विमान सापडले. विमान हातचे गेले हे दिसताच त्याने हवेत स्वतःला बाहेर फेकून घेतले. जमिनीवर तो असा काही आदळला की पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. हलता येईना. आणि भोवती उभे होते पाकिस्तानी सैनिक!

युद्धकैद्याने शत्रूला आपले नाव, हुद्दा आणि क्रमांक एवढेच सांगायचे असते. त्याने तेवढेच सांगितले. पण त्या नावातच सारे काही होते. करिअप्पा. जनरल करिअप्पांचा कोण? मुलगा!

थोड्याच वेळात ही बातमी पाकिस्तान रेडिओवरून सांगितली गेली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या भारतीय सेनापतीचा मुलगा पाकिस्तानच्या ताब्यात आला होता. त्या वेळी पाकिस्तानचे अध्यक्ष होते फील्ड मार्शल अयूब खान. फाळणीपूर्वी वायव्य सरहद्दीवर हेच अयूब खान करिअप्पांच्या हाताखाली नोकरी करून गेले होते. जुन्या साहेबाचा मुलगा आपल्या कैदेत आहे हे कळताच त्यांनी दिल्लीतील आपल्या हायकमिशनरमार्फत करिअप्पांना निरोप पाठवला. मुलगा सुखरूप आहे, काळजी नसावी, आणि तुमची इच्छा असेल तर त्याला सोडूनही देऊ.

आता विचार करा. एकुलता एक मुलगा. जखमी. परक्या मुलखात कैदेत. सुटकेसाठी एक शब्द पुरेसा होता, आणि तो मागायलाही लागत नव्हता, समोरूनच देऊ केला जात होता. करिअप्पांनी उत्तर पाठवले. विचारपूस केल्याबद्दल त्यांनी आभार मानले. पण तो आता माझा मुलगा राहिलेला नाही, तो या देशाचा मुलगा आहे, असे त्यांनी कळवले. तुमच्या कैदेत असलेले सारेच भारतीय जवान माझे मुलगे आहेत. सोडायचे असेल तर सगळ्यांना सोडा, नाहीतर कोणालाच नको. आणि माझ्या मुलाला इतरांपेक्षा वेगळी वागणूकही देऊ नका.

या उत्तराची गोष्ट पुढे शाळांच्या भाषणांतून, सैनिकी मेळाव्यांतून इतक्या वेळा सांगितली गेली की करिअप्पा म्हणजे काळजाच्या जागी दगड असलेला माणूस असे कोणाला वाटावे. घरातले करिअप्पा पाहिले की मात्र हे उत्तर देताना त्या बापाने काय पणाला लावले होते ते ध्यानात येते.

चिम्मा

कर्नाटकातला कोडगू जिल्हा आपण कूर्ग म्हणून ओळखतो. कॉफीचे मळे, मिरीचे वेल, पावसाळ्यात दिवसेंदिवस न हटणारे धुके. इथल्या कोडव समाजात मुलगा जन्मला की बंदुकीचा एक बार काढायची रीत आहे. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे पूजतात, तसा त्यांच्याकडे शस्त्रपूजेचा वेगळा सणच असतो, कैलपोळ्द. शस्त्र बाळगण्यासाठी इतरांना लागणाऱ्या परवान्यातून या समाजाला फार जुन्या काळापासून सूट मिळालेली आहे. घराण्याला तिथे 'ओक्का' म्हणतात आणि माणसाच्या नावाआधी घराण्याचे नाव लावतात. कोडंडेरा मडप्पा करिअप्पा या नावातले कोडंडेरा म्हणजे ओक्का, मडप्पा हे वडील. महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या मडप्पांच्या घरी २८ जानेवारी १८९९ रोजी हा मुलगा झाला. घरचे त्याला चिम्मा म्हणत.

चिम्माचे शालेय शिक्षण मडिकेरीत झाले आणि पुढे तो मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेला. पहिले महायुद्ध चालू होते. तोवर हिंदी माणसाला सैन्यात शिपाई, हवालदार, फार तर सुभेदार होता येई. राजाचे कमिशन घेऊन गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीने बसता येत नसे. युद्धाच्या अखेरीस ते दार किंचित उघडले आणि इंदूरच्या डेली कॉलेजात हिंदी तरुणांसाठी लष्करी वर्ग सुरू झाला. होळकरांच्या त्या इंदुरात करिअप्पांनी सैनिकी शिक्षण पुरे केले आणि १ डिसेंबर १९१९ रोजी त्यांना कमिशन मिळाले. पहिली नेमणूक झाली मुंबईत, ८८व्या कर्नाटिक इन्फन्ट्रीत.

पुढे ते राजपूत रेजिमेंटमध्ये गेले. तिथे फतेगडला एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीला त्यांचे नाव काही केल्या उच्चारता येईना. तिने त्यांचे नाव ठेवले 'किपर'. हे नाव त्यांना जन्मभर चिकटले. घरी चिम्मा, मेसमध्ये किपर. १९३३ साली क्वेट्टा येथील स्टाफ कॉलेजात प्रवेश मिळवणारे ते पहिले हिंदी अधिकारी ठरले. १९४२ साली पलटणीचे नेतृत्व मिळालेले पहिले हिंदी अधिकारीही तेच. 'पहिले' हा शब्द त्यांच्या आयुष्यात इतक्या वेळा येतो की मोजायचा कंटाळा यावा! पण प्रत्येक वेळी पहिले असणे म्हणजे प्रत्येक वेळी एकटे असणे. चूक झाली असती तर करिअप्पा चुकले असे कोणी म्हटले नसते. हिंदी माणसाला हे जमत नाही असेच म्हटले गेले असते. त्यांच्या काटेकोरपणाचे, पोशाखातल्या टापटिपीचे, साहेबी रीतिरिवाजांचे मूळ बहुधा इथेच असावे.

घर मांडले, घर मोडले

करिअप्पांचे लग्न उशिराच झाले. १९३७ साली सिकंदराबादेत मुथू माचिया या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. त्या वनाधिकाऱ्याच्या कन्या होत्या, आणि करिअप्पांनी तेव्हा अडतिशी गाठलेली होती. ४ जानेवारी १९३८ रोजी मुलगा झाला, नंदा. पाच वर्षांनी, १९४३ साली, मुलगी नलिनी.

या दोन तारखांच्या मधला काळ पाहा. दुसरे महायुद्ध पेटलेले. १९४१-४२मध्ये करिअप्पा इराक, सीरिया, इराण या भागांत. परतल्यावर नवी पलटण उभी करण्याचे काम. मग ब्रह्मदेशाची आघाडी. पुढे ब्रिगेडियर झाले आणि वायव्य सरहद्दीवरील बन्नू येथे ब्रिगेडचे प्रमुख म्हणून गेले. नोकरीचा आलेख सारखा वर चढत होता. घरचा आलेख मात्र घसरत होता. सप्टेंबर १९४५मध्ये पती-पत्नी वेगळे झाले. मुलगा सात वर्षांचा, मुलगी अडीच वर्षांची. आणखी तीन वर्षांनी एका अपघातात मुलांची आई गेली.

सैनिकी जीवनावर लिहिणारे या प्रकरणावरून भरभर पुढे जातात. ते बरोबर नाही. दोष कोणाचा हे बाहेरच्याने ठरवू नये, आणि आपल्यालाही ते ठरवायचे नाही. परंतु ज्या माणसाला आपण शिस्तीचा पुतळा म्हणून ओळखतो, त्याच्या घरात दोन लहान मुले होती, त्या मुलांना आई नव्हती, आणि त्याच सुमारास त्याच्या खांद्यावर काश्मीरच्या लढाईची जबाबदारी येऊन पडली, हे ठाऊक असल्याशिवाय करिअप्पा पुरते कळत नाहीत. त्यांनी दुसरे लग्न केले नाही.

या काळातला एक प्रसंग त्यांच्या मुलाने सांगितला आहे. दिल्लीत असताना मुले शाळेत ज्या गाडीने जात, ती एके दिवशी आलीच नाही. करिअप्पांच्या ए.डी.सी.ने, म्हणजे सोबतच्या तरुण अधिकाऱ्याने, सहज साहेबांची सरकारी मोटार पाठवून दिली. छोट्या नंदाची स्वारी खुशीत! झेंड्याच्या मोटारीतून घरी यायला कोणत्या पोराला आवडणार नाही? काही दिवसांनी सकाळी न्याहारीच्या टेबलावर ही गोष्ट बोलता बोलता निघाली आणि करिअप्पा भडकले. त्यांनी ए.डी.सी.ला चांगलेच फैलावर घेतले. सरकारी मोटार खासगी कामाला वापरायची नाही! लगेच त्या फेरीचे बिल करायला लावले आणि ती रक्कम आपल्या पगारातून कापून घ्यायला सांगितले.

आपल्यापैकी अनेकांना हे जरा जादा वाटेल. शाळेतून पोराला आणायला गेलेली मोटार, त्यात एवढे काय? पण बिल त्यांनी ए.डी.सी.च्या माथी मारले नाही, स्वतः भरले, हेही लक्षात घ्यायला हवे. या घरात सवलत कशाला म्हणतात आणि ती कोणी घ्यायची नसते, हे नंदाला वयाच्या दहा-अकराव्या वर्षी न्याहारीच्या टेबलावरच कळले. १९६५ साली कैदेत पडलेल्या त्या तरुणाला वडिलांचे उत्तर ऐकून फार आश्चर्य वाटले नसणार.

काश्मीरची आघाडी

ऑक्टोबर १९४७मध्ये टोळीवाले काश्मिरात घुसले. जानेवारी १९४८मध्ये पश्चिम विभागाची सूत्रे करिअप्पांकडे आली. त्या सुमारास दिल्लीत त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली होती. अहिंसेच्या देशात सैनिकाचे स्थान काय, हा प्रश्न हा सैनिक स्वतः गांधीजींपुढे घेऊन गेला होता, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. काही दिवसांतच गांधीजींची हत्या झाली.

नव्या हुद्द्यावर येताच करिअप्पा नौशेराला गेले. तिथे ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान ठाण मांडून होते. परतताना करिअप्पा त्यांना म्हणाले, मला एक भेट हवी आहे. भेट कोणती? जवळची सर्वांत उंच टेकडी, कोट! उस्मान यांनी मोहीम आखली, तिला नाव दिले 'ऑपरेशन किपर', आणि १ फेब्रुवारी १९४८ रोजी कोट घेऊन साहेबांना ती भेट दिलीही. पाच महिन्यांनी, ३ जुलैला, झांगड येथे तोफगोळ्याने उस्मान धारातीर्थी पडले.

याच आघाडीवर, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, आपल्या बॉम्बे सॅपर्सच्या सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी नौशेरा ते राजौरी रस्ता मोकळा केला. कारवारजवळच्या चेंडिया गावचा हा वीर. शत्रूने पेरलेले सुरुंग, रस्त्यावर आडवी पाडलेली झाडे, वरून मशीनगनचा मारा. स्वतः जखमी असताना राणे दिवसरात्र सुरुंग काढत राहिले आणि त्यांच्यामागून रणगाडे पुढे सरकत गेले. १९४७-४८च्या युद्धात पाच जणांना परमवीरचक्र मिळाले. ते जिवंतपणी छातीवर लावण्याचे भाग्य दोघांनाच लाभले, लान्स नायक करम सिंग आणि आपले राणे.

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी प्रश्न उभा राहिला लडाखचा. जोजीला खिंड शत्रूने अडवून धरली होती. साडेअकरा हजार फूट उंचीवर, बर्फात, पायदळाचे हल्ले अयशस्वी झाले होते. तेव्हा तिथे रणगाडे चढवायचे ठरले. इतक्या उंचीवर रणगाडे वापरण्याची कल्पनाच कोणाला खरी वाटली नसती. मेजर जनरल थिमय्या स्वतः आघाडीच्या रणगाड्यात बसले. हेही मडिकेरीचेच! १ नोव्हेंबर १९४८ रोजी खिंड फुटली आणि महिनाअखेर लेहकडे जाणारा मार्ग मोकळा झाला. कोडगूच्या धुक्यातले दोन शेजारी हिमालयात असे एकत्र आले होते.

१५ जानेवारी १९४९ रोजी जनरल सर रॉय बुचर यांच्याकडून करिअप्पांनी सरसेनापतिपदाची सूत्रे घेतली. दोनशे वर्षांच्या इतिहासात प्रथमच या फौजेचा प्रमुख भारतीय होता. तो दिवस आपण सेना दिन म्हणून पाळतो. त्याचे संचलन २०२२पर्यंत दिल्ली छावणीतल्या करिअप्पा परेड ग्राउंडवर होत असे. नंतर ते देशात फिरते झाले, आणि १५ जानेवारी २०२५ रोजी पुण्याला, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर झाले. राणे यांचीच ती खडकी. ज्या पुणेकरांनी ते पाहिले त्यांना त्या तारखेमागचा माणूस आठवला असेलच असे नाही.

'सब मुफ्त है!'

करिअप्पांची इंग्रजी झकास आणि हिंदुस्थानी मात्र यथातथाच. यावरून त्यांच्या नावावर खपवलेल्या गमती फौजेत अजून सांगितल्या जातात. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा जवानांसमोर भाषण करताना त्यांना सांगायचे होते की आता देश 'फ्री' झाला, तुम्ही आणि मीही 'फ्री' झालो. त्यांनी त्या शब्दाचे घाईघाईने भाषांतर केले आणि म्हणाले, आप मुफ्त है, मुल्क मुफ्त है, सब कुछ मुफ्त है! जवान बिचारे गंभीर चेहऱ्याने ऐकत राहिले म्हणे.

दुसरी गंमत जवानांच्या बायकांच्या मेळाव्यातली. कुटुंब लहान असावे, दोनच मुले पुरेत, त्यांतला एक मुलगा घरासाठी ठेवा आणि एक फौजेला द्या, असे त्यांच्या मनात होते. साहेबांच्या हिंदीतून ते बाहेर पडले असे: माता-बहनो, दो बच्चे पैदा करो, एक अपने लिए, एक मेरे लिए! खरे-खोटे ते सांगणारेच जाणोत. पण ज्याच्यावर फौज अशा गमती रचते त्याच्यावर तिचा जीव असतो, एवढे मात्र नक्की.

साहेबीपणा त्यांच्यात होताच. रात्रीच्या जेवणाला रीतसर पोशाख केल्याशिवाय ते टेबलावर बसत नसत, मग घरात पाहुणा असो वा नसो. चमचा कसा धरावा इथपासून बूट कसे चमकावेत इथपर्यंत सगळे ठरलेले. काहींना हा इंग्रजाळलेपणा खटकत असे, आणि ते स्वाभाविकही होते. मात्र फौजेला राजकारणापासून दूर ठेवण्याचा त्यांचा कटाक्षही त्याच शिस्तीतून आला होता. शेजारच्या देशात अवघ्या अकरा वर्षांत सेनापतीच सत्ताधीश झाला, आणि तो त्यांच्याच हाताखाली काम केलेला अयूब खान होता, हे पाहिले म्हणजे या कटाक्षाची किंमत कळते. प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी, त्यांच्याच कारकिर्दीत १९४९ साली उभी राहिली. गार्ड्सची ब्रिगेडही त्याच वर्षीची. तोवर रेजिमेंटा जातीच्या, प्रांताच्या नावाने ओळखल्या जात. गार्ड्समध्ये साऱ्या देशातले जवान एकत्र आले.

१४ जानेवारी १९५३ रोजी ते निवृत्त झाले. नंतर १९५६पर्यंत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये भारताचे हायकमिशनर होते. मग मडिकेरी. 'रोशनारा' नावाचे घर, भोवती झाडे. पण स्वस्थ बसणे स्वभावात नव्हते. निवृत्त सैनिकांच्या प्रश्नांसाठी ते देशभर हिंडत राहिले. १९७१ साली तर ईशान्य मुंबईतून शिवसेनेच्या पाठिंब्यावर लोकसभेची निवडणूकही लढवली आणि हरले. फौजेबाहेरच्या जगात काय करावे याबद्दल त्यांची मते सर्वांना पटण्यासारखी नव्हती, आणि मतदारांनी ते सांगूनही टाकले! रणांगणातल्या माणसाने निवडणुकीच्या आखाड्यात उतरू नये असे वाटले, तर ते त्यांच्यावरच्या प्रेमापोटी म्हणायचे.

चार महिने

आता पुन्हा नंदाकडे. सैनिकाचा मुलगा सैन्यात न जाता हवाई दलात गेला होता. पाकिस्तानात त्याच्यावर इस्पितळात उपचार चालू होते. एके दिवशी त्याच्या खोलीत अनपेक्षित पाहुणे आले. खुद्द अयूब खान यांच्या बेगम, आणि सोबत त्यांचा थोरला मुलगा अख्तर. येताना त्यांनी स्टेट एक्स्प्रेस सिगारेटचा मोठा खोका आणि पी. जी. वुडहाउसची एक विनोदी कादंबरी आणली होती. युद्ध नुकतेच थांबलेले, दोन्ही बाजूंची माणसे हजारोंनी मेलेली, आणि शत्रूच्या अध्यक्षांची पत्नी कैद्याच्या खाटेशी वुडहाउस घेऊन उभी! ही हकीकत नंदा करिअप्पांनी पुढे स्वतःच सांगितली आहे. वडिलांनी वेगळी वागणूक नको म्हटले होते खरे, पण जुन्या ओळखीने आपला मार्ग काढलाच. त्यात अयूब खान यांचा दिखाऊपणा होता असे म्हणणारे म्हणोत. घरच्या बाईने आजारी मुलाची विचारपूस करायला यावे यात आम्हांला तरी वावगे दिसत नाही.

सुटका मात्र लवकर झाली नाही. दिवाळी गेली. कोडगूत भातकापणीचा पुत्तरी सण असतो. घरोघर नवे भात वाजतगाजत आणतात आणि बाहेरगावी असलेली मुले घरी येतात. तोही नंदाविना गेला. १८ डिसेंबर १९६५ रोजी जनरल थिमय्या सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कामगिरीवर असताना वारले. जोजीलाच्या जोडीतला एक गेला. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला करार झाला आणि त्याच रात्री लालबहादूर शास्त्रींचे तिथे निधन झाले. देश सुन्न झाला होता. त्या करारानंतर कैद्यांची अदलाबदल झाली आणि पकडल्यापासून चार महिन्यांनी नंदा मायदेशी परतला, इतर कैद्यांसारखाच.

एका शब्दाने हे चार महिने टळू शकले असते. त्या काळात पाठीचा कणा दुखावलेल्या मुलाचे काय होते आहे याची रोजची खबर मिळण्याची सोय नव्हती. आज मोबाइलवर मुलाचा फोन तासभर लागला नाही तर आपला जीव कासावीस होतो. आईविना वाढवलेल्या एकुलत्या एका मुलाच्या बापाने ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना ज्याची त्याने करावी. आणि दुसरी बाजूही पाहावी. त्याच वेळी देशभरात कितीतरी आईबाप आपल्या मुलाची वाट पाहत होते. त्यांच्या मुलांना सोडवायला कोणी अध्यक्ष निरोप पाठवत नव्हता. करिअप्पांचा मुलगा आधी सुटून आला असता, तर त्या घरांत काय वाटले असते?

नंदा पुन्हा विमान उडवू लागला. १९७१च्या युद्धातही तो लढला. पुढे हवाई दलात एअर मार्शलच्या हुद्द्यापर्यंत पोचला.

बूट तेच हवेत

१९८६ साली सरकारने करिअप्पांना फील्ड मार्शल हा सर्वोच्च हुद्दा दिला. भारतात हा मान सैन्यातल्या दोघांनाच मिळाला, माणेकशा आणि करिअप्पा. निवृत्त होऊन तेहतीस वर्षे झाली होती. वय सत्त्याऐंशीच्या घरात. राष्ट्रपती भवनात समारंभ ठरला. त्या दिवसांत त्यांच्या उजव्या पायाची करंगळी फार दुखत असे. घरी ते डाव्या पायात बूट आणि उजव्यात सपाता घालून वावरत. मुलांनी सुचवले, समारंभाला मऊ बूट घाला. नाही! नेहमीचेच टोकदार, रीतीचे बूट हवेत. मग निदान हातात काठी? तीही नाही. समारंभभर ते त्या बुटांत, काठीशिवाय, ताठ उभे राहिले. पाय किती ठणकत होता ते फक्त घरच्यांना ठाऊक होते.

वडिलांच्या हट्टापुढे हात टेकलेली मुले आपल्यातल्या पुष्कळांना आपल्याच घरातली वाटतील. आपल्या पेन्शनर वडिलांची, आजोबांची अशीच एखादी गोष्ट प्रत्येक घरात असते. कधी ती काठीची असते, कधी कानातल्या यंत्राची, कधी एकट्याने रस्ता ओलांडण्याची.

१५ मे १९९३ रोजी बंगलोरमध्ये झोपेतच त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार मडिकेरीत झाले. तिन्ही दलांचे प्रमुख आले होते. फील्ड मार्शल माणेकशाही आले होते. चितेला अग्नी मुलाने दिला. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर एअर मार्शल नंदा करिअप्पा 'रोशनारा'त राहायला आले आणि तिथे त्यांनी वडिलांचे चरित्र लिहिले. सरकारी मोटारीच्या त्या फेरीची आणि दुखऱ्या करंगळीची हकीकत आपल्यापर्यंत पोचली ती त्यांच्यामुळेच.